कॅटमरानवर शीड कमी करायची वेळ कशी ओळखायची

मोनोहलवरून (एकाच सांगाड्याच्या शिडाच्या बोटीवरून) पहिल्यांदा कॅटमरानवर, म्हणजे दोन सांगाडे जोडलेल्या 'कॅट'वर आलेल्या माणसाची सगळ्यात मोठी अडचण ही असते की बोट काही बोलतच नाही. मोनोहलवर वारा वाढला की बोट कलते, उभं राहायला त्रास होतो, खाली कपाटातलं सामान खडखडायला लागतं, कडेवरून पाणी डेकवर येतं, आणि कुणी न सांगता सगळ्यांना कळतं की शीड जास्त झालंय. कॅटवर यातलं काहीच होत नाही. टेबलावर ठेवलेला पाण्याचा ग्लास १२ नॉट वाऱ्याला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जिथे असतो तिथेच २२ नॉटलाही असतो, माणसं आरामात बसलेली असतात, बोट मस्त पळत असते, आणि वर डोलकाठीवर, तारांवर, मेनशीटच्या (मोठं शीड आवळणाऱ्या दोराच्या) ब्लॉकवर, म्हणजे कप्पीवर, ताण मात्र तिपटीहून जास्त झालेला असतो.

हे मी ज्यांनी नुकतीच ३८ ते ४५ फुटांची क्रूझिंग कॅट हातात घेतलीय किंवा चार्टरवर (भाड्याने) घेणार आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. रेसिंग कॅटचं गणित वेगळं, ते इथे नाही. आणि माझं मुख्य म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: कॅटवर रीफ "कसं वाटतंय" त्यावर घ्यायचा नाही, आकड्यावर घ्यायचा, आणि तो आकडा नांगरावर असताना, डोकं शांत असताना ठरवून कागदावर लिहून ठेवायचा.

ज्यांना शब्दच नवीन आहे त्यांच्यासाठी, रीफ घेणं म्हणजे मेनसेल (डोलकाठीमागचं मोठं शीड) थोडं खाली उतरवून त्याचा खालचा पट्टा बूमवर (शिडाखालच्या आडव्या दांड्यावर) आवळून ठेवायचा, म्हणजे वाऱ्याला मिळणारं कापड कमी होतं. बहुतेक क्रूझिंग कॅटच्या मेनसेलला २ किंवा ३ रीफ असतात. पुढचं शीड, म्हणजे जिब किंवा जेनोआ, फर्लरवर (फिरत्या नळीवर) गुंडाळून लहान करतात.

आधी हे असं का होतं ते समजून घ्या

मोनोहल कलते तेव्हा दोन गोष्टी होतात. एक तर कललेल्या शिडावरून वारा निसटून जातो, म्हणजे जोर आपोआप थोडा कमी होतो. दुसरं म्हणजे जितकी कलेल तितका तळाचा जड कील (वजनदार पातं) तिला जास्त जोरात परत ओढतो. म्हणजे ती बोट स्वतःच सांभाळून घेते, तुम्ही उशीर केलात तरी बऱ्याचदा माफ करते.

कॅटकडे जड कील नाही. ती स्थिर असते ती रुंदीमुळे, दोन हलमधल्या (सांगाड्यांमधल्या) अंतरामुळे. आणि ही स्थिरता अगदी सुरुवातीलाच जवळजवळ सगळी वापरायला मिळते, म्हणून तर ती कलत नाही. वाऱ्याकडचा हल पाण्यातून पूर्ण उचलला गेला की तिथे तिची ताकद कमाल असते, आणि हा कोन अगदी थोड्या अंशांचा, साधारण १० च्या आसपास असतो. त्यानंतर ताकद वाढत नाही, घटत जाते. त्यामुळे "कलायला लागली की रीफ घेऊ" हा मोनोहलचा विचार इथे चालत नाही, कारण क्रूझिंग कॅट डोळ्यांना दिसेल इतकी कलली असेल तर तुम्ही सीमेच्या अगदी जवळ आहात. आणि उलटलेली कॅट परत स्वतःहून सरळ होत नाही. ती तरंगत राहते, बुडत नाही सहसा, पण सरळ होत नाही.

खरं सांगायचं तर चांगल्या क्रूझिंग कॅट नुसत्या वाऱ्याने उलटणं फार दुर्मीळ आहे. त्याच्या कितीतरी आधी काहीतरी तुटतं. बोट कलून जोर सोडत नाही, मग तो जोर जातो कुठे, तर रिगिंगमध्ये, म्हणजे डोलकाठी आणि तारा-दोरांच्या मांडणीत. श्राउडच्या (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या) तारा, डोलकाठी, बॅटन (शिडातल्या लवचिक पट्ट्या), ट्रॅव्हलर (मेनशीट आडवी सरकवायचा रूळ), शिडाची शिवण, हे सगळं तो ताण घेतं. रोजच्या क्रूझिंगमध्ये आपण रीफ घेतो तो मुख्यतः हे सगळं वाचवायला.

आता वाऱ्याचं गणित, कारण इथेच नवीन लोक फसतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १५ चे २० नॉट झाले तर ऐकायला "पाचच तर वाढले" वाटतं, पण जोर पावणेदोन पट झालेला असतो. १२ चे २४ झाले की चौपट. २० चे २८ झाले की जवळजवळ दुप्पट. हे एकदा डोक्यात बसलं की दोन-तीन नॉटवरून वाद घालणाऱ्या जुन्या खलाशांचा राग येत नाही.

पायरी १: स्वतःच्या बोटीचा तक्ता तयार करा

बोटीच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा शिडांचा तक्ता असतो, किती वाऱ्याला कुठलं शीड किती. तो शोधा, वाचा आणि हाताने मोठ्या अक्षरात परत लिहून चाकाजवळ चिकटवा. चार्टरची बोट असेल तर सुरुवातीच्या ब्रीफिंगमध्ये विचारून घ्या आणि त्यांनी जो आकडा सांगितला त्याच्या वर जाऊ नका, तुमचा अनुभव कितीही असला तरी.

तक्ता मिळालाच नाही तर सुरुवात म्हणून ४० फुटांच्या आसपासच्या, भारी सामान असलेल्या क्रूझिंग कॅटसाठी मी हे धरतो: खऱ्या वाऱ्याचे १८ ते २० नॉट झाले की पहिला रीफ, २४-२५ ला दुसरा, ३० ला तिसरा, आणि ३५ च्या वर मेनसेल पूर्ण खाली आणि पुढे थोडंसं जिब. जिबही त्याच हिशोबाने टप्प्याटप्प्याने गुंडाळत जायचं. हे आकडे सावध बाजूचे आहेत आणि मुद्दामच आहेत, नवीन माणसाने पहिलं वर्षभर यातून आणखी दोन नॉट वजा करावेत असं माझं मत आहे.

तक्ता वाचताना एक गोष्ट न चुकता बघा, की आकडे खऱ्या वाऱ्याचे आहेत का बोटीवर जाणवणाऱ्या वाऱ्याचे. मॅन्युअलमध्ये दोन्ही प्रकार सापडतात, आणि यातला गोंधळ म्हणजे एक आख्खा रीफ चुकणं.

पायरी २: खरा वारा आणि जाणवणारा वारा वेगळे ठेवा

समजा मागून २४ नॉट वारा आहे आणि तुम्ही ९ नॉटने पळताय. डेकवर तुम्हाला जाणवतात फक्त १५. ऊन असतं, टोपीसुद्धा उडत नाही, सगळे म्हणतात काय सुंदर दिवस आहे. आता कुणीतरी पाण्यात पडलं, किंवा समोर मासेमारीचं जाळं दिसलं, आणि तुम्हाला वाऱ्याकडे वळावं लागलं. वाऱ्याशी ४५ अंशांवर ६ नॉटने जायला लागलात की जाणवणारा वारा होतो साधारण साडेअठ्ठावीस. १५ वरून साडेअठ्ठावीस म्हणजे शिडावरचा जोर साडेतीन पटीहून जास्त, तोही मिनिटाभरात, आणि शीड मात्र तेवढंच.

म्हणून मागून वारा असताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो, आत्ता या क्षणी वाऱ्यात तोंड घालावं लागलं तर हे शीड चालेल का. उत्तर नाही असेल तर शीड जास्त आहे, डेकवर कितीही शांत वाटू दे. वाऱ्याच्या डिस्प्लेवर खरा वारा कायम दिसेल असं सेटिंग करून ठेवा, आणि अलार्म लावता येत असेल तर पहिल्या रीफच्या आकड्याच्या २ नॉट आधी लावा.

पायरी ३: सरासरी बघू नका, झोत बघा

अंदाजात १६ नॉट लिहिलेलं असतं ते सरासरी असतं. झोत त्याहून तिसऱ्या हिश्शाने जास्त असणं अगदी रोजचं आहे, डोंगराळ बेटाच्या आडोशाला तर त्याहूनही जास्त. मोनोहलवर सरासरीला शीड लावून झोतात कलून घेता येतं. कॅटवर शीड झोताप्रमाणे लावायचं. डिस्प्लेवर गेल्या दहा मिनिटांतला सर्वात जास्त वारा दिसतो का बघा, दिसत असेल तर तोच तुमचा वारा. सरासरी १७ आणि झोत २३ असेल तर माझ्यासाठी तो २३ चा दिवस आहे आणि पहिला रीफ आत असतो.

यात थोडा वेग जातो हे मान्य. झोतांच्या मधे बोट जरा सुस्त वाटते, आणि तेव्हा सोबतचं कुणीतरी म्हणतंच की रीफ काढूया का. नाही काढायचा.

पायरी ४: यंत्र बंद पडलं तर बोट आणि समुद्र वाचता आला पाहिजे

वाऱ्याचं यंत्र डोलकाठीच्या टोकावर असतं आणि ते बिघडतं, पक्षी बसून वाकडं होतं, वायर सुटते. शिवाय आकडा काहीही सांगो, खालच्या खुणा दिसल्या तर त्या आधी.

समुद्राचा रंग बघायची सवय लावा. फ्रान्सिस बोफर्टने १८०५ मध्ये वाऱ्याची जी मोजपट्टी बनवली ती आजही तशीच उपयोगी आहे. इकडेतिकडे तुरळक पांढरे तुरे म्हणजे फोर्स ३, ७ ते १० नॉट. बऱ्यापैकी सगळीकडे तुरे दिसायला लागले की फोर्स ४, ११ ते १६. जिकडे बघाल तिकडे तुरे आणि अधूनमधून तुषार म्हणजे फोर्स ५, १७ ते २१, आणि हाच तुमचा पहिला रीफ. मोठ्या लाटा, सगळीकडे फेसाळलेल्या माथ्यांच्या, म्हणजे फोर्स ६, २२ ते २७. वाऱ्याच्या दिशेने फेसाचे पट्टे ओढले जायला लागले तर २८ च्या पुढे गेलंय. मागून वारा असताना तुरे कमी दिसतात, कारण तुम्ही लाटांच्या पाठी बघत असता, तेव्हा मान वळवून मागे बघा.

मग वाऱ्याखालच्या बाजूची (वारा जिकडून येतो त्याच्या उलट बाजूची) श्राउडची तार. ही माझी सगळ्यात आवडती खूण आहे. कॅटवर वाऱ्याखालची तार थोडी सैल असतेच, ते नॉर्मल आहे, पण किती सैल हे हाताला माहीत पाहिजे. १० नॉट वाऱ्यात तिथे जाऊन तार मुठीत धरा आणि पुढेमागे हलवा, मग १५ ला परत जा, मग १८ ला. एका हाताने काहीतरी पक्कं धरून, आणि समुद्र जास्त असेल तर हार्नेस (बोटीला अडकवायचा सुरक्षापट्टा) लावूनच. हाताला फरक कळतो, आधी जरा गुळगुळीत ताण असतो, मग ती हलायला लागते, आणि एका टप्प्यानंतर लाटेबरोबर थड थड अशी झुलते. झुलायला लागली की शीड जास्त आहे. तीन-चार वेळा हे केलंत की पुढे चाकावर बसूनही नुसतं बघून कळतं.

ऑटोपायलट किती मेहनत करतोय ते ऐका. सुकाणू सतत एका बाजूला धरून ठेवावं लागत असेल, मोटरचा कण्हण्यासारखा आवाज थांबतच नसेल, बोट परत परत वाऱ्याकडे तोंड वळवत असेल, तर मेनसेल मोठं झालंय. वाऱ्याखालची नाळ बघा, म्हणजे त्या हलचं पुढचं टोक. ती लाटेत शिरते आणि लगेच वर येते का, का दबून राहतेय आणि पाणी डेकवर चढतंय. दबून राहत असेल तर वाट बघायची वेळ संपली, लगेच शीड कमी करा. दोन हलचे पाण्यातले माग बघा, वाऱ्याकडच्या हलचा माग एकदम हलका आणि खालच्या बाजूचा खवळलेला दिसला तर सगळं वजन एका हलवर गेलंय.

आणि वेग. प्रत्येक बोटीला एक वेग असतो ज्याच्या वर ती आरामात नसते, आवाज वाढतात, मधल्या डेकखाली लाटा धडाधड आपटायला लागतात, झोपलेली माणसं उठून येतात. ४० फुटी भरलेल्या कॅटवर सरासरी ८-९ नॉट मिळत असतील तर खूप झालं. लाटेवरून घसरत १३-१४ चा आकडा दिसला की फोटो काढायचा मोह होतो, मी तेव्हा लगेच रीफचा विचार करतो, कारण पुढच्या लाटेच्या पायथ्याशी दोन्ही नाळा पाण्यात खुपसायचा धोका तिथेच असतो.

पायरी ५: वारा नसला तरी रीफ घ्यायच्या वेळा

काही वेळा आकडा पूर्ण झालेला नसतानाही रीफ घ्यावा.

रात्र होण्याआधी. हा नियम मी कधीच मोडत नाही, आता मोडत नाही. आमच्या दुसऱ्या सीझनला एका संध्याकाळी १६ नॉट होते, अंदाज १८ चा होता, बोट इतकी छान चालली होती की पूर्ण मेनसेल तसंच ठेवलं. रात्री दोनला मला उठवलं तेव्हा २६ होते आणि पाऊस. मी झोपेतून उठून, डोळे अंधाराला सरावायच्या आत, इलेक्ट्रिक विंचचं (दोर ओढणाऱ्या यंत्राचं) बटण दाबून रीफ लाइन (रीफ आवळायचा दोर) ओढायला लागलो. लाइन बूमच्या टोकाला शिडाच्या घडीत अडकली होती, ते वर टॉर्च मारून बघितलंच नाही. विंचला काय, ती ओढतच राहिली. एक जोरात कडाका झाला, बॅटन मोडला, आणि रीफच्या कोपऱ्यापासून शीड हातभर फाटलं. कुणाला लागलं नाही, पण उरलेला सगळा प्रवास आम्ही फाटक्या मेनसेलवर केला. संध्याकाळी उजेडात हेच काम आठ मिनिटांचं होतं, आणि त्यासाठी किंमत म्हणून जास्तीत जास्त अर्धा नॉट वेग गेला असता.

स्क्वॉल (पावसाच्या ढगाबरोबर अचानक येणारा वादळी वारा) दिसला की. क्षितिजावर गडद, सपाट बुडाचा ढग, त्याच्याखाली पावसाचा राखाडी पडदा, आणि जवळ येताना अचानक गार हवा. रात्री रडारवर हे डाग म्हणून छान दिसतात, म्हणून अशा भागात रात्री रडार चालू ठेवा. हिशोब सोपा आहे: ढग तुमच्याकडे २० नॉटने येत असेल तर ३ मैलांचं अंतर ९ मिनिटांत संपतं. तुम्हाला रीफ घ्यायला ८ मिनिटं लागत असतील तर ३ मैलांवर निर्णय घेणं म्हणजे आधीच उशीर. मी ६ मैलांवर ठरवतो आणि सरळ दुसरा रीफ घेतो, आधी पहिला मग बघू असं करत नाही, कारण स्क्वॉलमध्ये १२ चे ३० व्हायला काही सेकंद पुरतात.

एखादं भूशिर किंवा अरुंद सामुद्रधुनी ओलांडायच्या आधी, कारण तिथे वारा दाबला जाऊन वाढतो. प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध असेल तिथेही, कारण लाटा आखूड आणि उभ्या होतात आणि वेग कमी केल्याशिवाय बोट आपटत राहते. आणि माणसं थकलेली असतील तेव्हा, पहाऱ्यावर एकटंच कुणी असेल तेव्हा, कुणाला बोट लागली असेल तेव्हा. शीड हे पहाऱ्यावरच्या सगळ्यात कमी अनुभवी माणसाला झेपेल इतकंच असावं.

पायरी ६: प्रत्यक्ष रीफ कसा घ्यायचा

हे पहिल्यांदा नांगरावर, सकाळच्या शांत हवेत करून बघा, तीनही रीफ, दोनदा-तीनदा, घड्याळ लावून. त्याच वेळी प्रत्येक रीफला हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) किती खाली सोडायचा तिथे त्यावर पक्क्या शाईने किंवा रंगीत दोऱ्याने खूण करा. अंधारात ही खूण सोन्याची ठरते. रीफ लाइन कुठल्या क्लचमधून (दोर पकडून ठेवणाऱ्या चापातून) येते ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. बऱ्याच बोटींवर पहिल्या दोन रीफना प्रत्येकी एकच लाइन असते आणि तिसऱ्याला पुढे-मागे वेगळ्या लाइन लागतात, आणि कधी कधी तिसऱ्याची लाइन ओवलेलीच नसते, तेही तेव्हाच कळेल.

प्रत्यक्षात वारा पुढून किंवा बाजूने असताना असं करायचं. दोघं जण हार्नेस घालून जॅकलाइनला (डेकवर ताणलेल्या सुरक्षादोराला) अडकवलेले. पाण्यात कुठला दोर लोंबत नाही ना बघून इंजिन तयार ठेवा, गरज पडेलच असं नाही. जिब भरलेलं राहू दे आणि बोट वर, म्हणजे वाऱ्याकडे, वळवा, जाणवणारा वारा ५० ते ६० अंशांवर येईपर्यंत. जिबमुळे ३-४ नॉट वेग राहतो, सुकाणू ऐकतं, आणि शीड तुमच्या डोक्यावर वेड्यासारखं फडफडत नाही. मग मेनशीट सोडा, मेनसेलमधला वारा निघून जाईपर्यंत. टॉपिंग लिफ्ट (बूमचं टोक वरून धरणारा दोर) असेल तर ती आधीच ताणून घ्या, म्हणजे बूम खाली कोसळत नाही. मग हॅलयार्ड हळूहळू खुणेपर्यंत खाली, त्याच वेळी दुसऱ्याने रीफ लाइनचं ढिलेपण खेचत राहायचं. पुढचा कोपरा डोलकाठीजवळ घट्ट बसला की हॅलयार्ड परत ताणा, त्यानंतर मागचा कोपरा ओढा, बूमवर टेकेपर्यंत आणि थोडा मागेही. या वेळी मेनशीट सैलच पाहिजे, कारण मागचा कोपरा खाली येताना बूम थोडं वर उचललं जातं, शीट आवळलेली असेल तर तुम्ही बूमशीच कुस्ती खेळत बसाल.

सगळा वेळ नजर वर. इलेक्ट्रिक विंचवर एकाने बटण आणि दुसऱ्याने फक्त शीड बघायचं आणि मोठ्याने बोलायचं, "ये, ये, थांब". विंचचा आवाज बदलला, जड झाला, की बोट बटणावरून उचला आणि काय अडकलंय ते शोधा. लांबच्या प्रवासात मी मागच्या कोपऱ्याला बूमभोवती एक जादा पट्टा बांधतो, रीफ लाइन घासून तुटली तर शीड वाचावं म्हणून, पण तो बांधला की चाकाजवळ चिठ्ठी लावतो, कारण रीफ काढताना तो विसरला तर शीड तिथेच फाटतं.

मागून वारा असेल तर

हे वेगळं लिहितोय कारण इथे कॅट खरंच वेगळी आहे. बहुतेक क्रूझिंग कॅटला बॅकस्टे (डोलकाठी मागे ओढून धरणारी तार) नसतो. डोलकाठीला मागून आधार देतात त्या मागे झुकवून लावलेल्या श्राउड, आणि बऱ्याच प्रमाणात खुद्द मेनसेल आणि मेनशीट. श्राउड मागे असल्यामुळे बूम पूर्ण बाहेर सोडता येत नाही, शीड स्प्रेडरवर (डोलकाठीच्या आडव्या दांड्यांवर) आणि तारांवर घासतं. अशा वेळी हॅलयार्ड सोडला तरी शीड खाली येत नाही, वारा त्याला तारांवर चिकटवून ठेवतो.

सोपा उपाय म्हणजे वर वळून रीफ घ्यायचा. पण ३० नॉटमध्ये मोठ्या लाटांत वर वळणं म्हणजे लाटेला कूस देणं आणि मघाशी सांगितलेले ते साडेतीन पट. म्हणून मागून वारा असताना पहिला आणि दुसरा रीफ लवकर घ्यायचा, वर वळणं अजून सोपं आहे तोवर. वळता येत नसेलच तर मेनशीट आणि ट्रॅव्हलरने बूम मधे ओढून घ्या, शीड तारांपासून सुटं होतं, मग हॅलयार्ड हातभर सोडा, पुढची रीफ लाइन ओढा, परत हातभर, परत ओढा. वेळ लागतो, घाई करू नका, आणि बूम कुठल्याही क्षणी दुसऱ्या बाजूला जाऊ शकतं म्हणून प्रिव्हेंटर (बूम उलटू न देणारा दोर) आणि डोकी सांभाळा.

माझं स्वतःचं मत, लांब पल्ल्यात मागून २५ च्या वर वारा असेल तर मेनसेल पूर्ण खाली घ्या आणि पुढच्या शिडावर चला. ओढ नाळेकडून आली की बोट सरळ चालते, ऑटोपायलट शांत होतो, बूम उलटायची भीती जाते, आणि शीड कमी करायचं तर फर्लरची एक दोरी ओढली की झालं. हे सगळ्यांना पटत नाही, काहींना वेग हवा असतो, पण रात्री झोप लागते ती याच मांडणीत.

जेनेकर किंवा कोड झिरो (हलक्या वाऱ्याची मोठी पुढची शिडं) लावलं असेल तर त्याचा आकडा शीड बनवणाऱ्याने दिलेला असतो, सहसा तो जाणवणाऱ्या वाऱ्याचा असतो आणि बराच कमी असतो. वारा वाढताना सगळ्यात आधी हे गुंडाळायचं. २० नॉटमध्ये ते नीट गुंडाळलं जात नाही, वरून सैल राहतं आणि मग रात्रभर फडफडतं.

झोत आधीच आला असेल तर

रीफ घ्यायच्या आधीच झोताने गाठलं तर काय करायचं हे पाठ असू दे, कारण विचार करायला वेळ नसतो. वारा बाजूच्या रेषेपेक्षा पुढून असेल तर वर वळा, वाऱ्याकडे, आणि ट्रॅव्हलर सोडा. वारा मागून असेल तर खाली वळा, वाऱ्याबरोबर पळा, म्हणजे जाणवणारा वारा कमी होतो. मागून असताना वर वळलात तर जाणवणारा वारा अचानक वाढतो आणि वळणाचा धक्का खालच्या हलवर येतो, म्हणून तसं करू नका. सगळ्यात वाईट जागा म्हणजे वारा बरोबर बाजूने, तिथे वर वळलं तरी जोर वाढतो आणि खाली वळलं तरी बोट आधी सुसाट सुटते. तिथे उत्तर शीट सोडणं, आधी मेनशीट, मग जिबची. म्हणून बाजूच्या वाऱ्यात मेनशीट कायम हाताशी, गुंता नसलेली, क्लचमधून लगेच सुटेल अशी ठेवा, आणि त्या दोराच्या वेटोळ्यावर कुणाला बसू देऊ नका, बॅग ठेवू देऊ नका.

रीफ कधी काढायचा

रीफ घेतल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगकडे (वेग दाखवणाऱ्या यंत्राकडे) बघा. बऱ्याच वेळा ८.४ चे ८.१ झालेले असतात, एवढंच. नाळ वर आलेली असते, सुकाणू हलकं झालेलं असतं, मधल्या डेकखालची आपट थांबलेली असते, खालून कुणीतरी विचारतं, वारा पडला का.

काढायची मात्र घाई नको. स्क्वॉल गेल्यावर एकदम वारा मरतो आणि बोट लाटांत डुलायला लागते, तेव्हा हात शिवशिवतात, पण त्याच्या मागे दुसरा ढग असतो बऱ्याचदा. मी अर्धा तास सलग झोतसुद्धा आकड्याच्या ४ नॉट खाली राहिले तरच काढतो, आणि सूर्य मावळायला तासाभराहून कमी उरला असेल तर सकाळपर्यंत काढतच नाही. काढायच्या आधी बूमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टॉर्च किंवा नजर फिरवा, जादा पट्टा सोडला का, रीफ लाइनचा क्लच उघडा आहे का, घडीत काही अडकलं नाही ना, आणि रीफ लाइन जिथे बूममधून बाहेर येते तिथे हाताचं बोट फिरवून बघा. तिथे दोराचं वरचं आवरण केसाळ लागलं तर तो भाग तिथेच घासतोय, पुढच्या वेळी वारा वाढायच्या आत तो दोर हातभर पुढे-मागे सरकवून घ्या किंवा बदला.